ई-इंक टॅबलेटवर वही आणायची तर: काय जमतं, काय बिघडतं आणि का

प्रश्न थोडक्यात असा: रोज हाताने भरपूर लिहावं लागतं. बैठकींच्या नोंदी, कच्ची आकडेमोड, छापून घेतलेल्या पीडीएफवरच्या खुणा. ई-इंकचा (किंडलसारख्या, कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा) लिहिण्याचा टॅबलेट घेतला तर कागद पूर्ण सोडता येईल का, आणि सोडायचा तर कसा?

पूर्ण सुटत नाही. लिहायचा कागद सुटतो, पसरायचा कागद राहतो. म्हणून कोणता टॅबलेट घ्यायचा हे नंतर बघा. आधी आपल्या टेबलावरचा कागद आठवडाभर वेगवेगळ्या ढिगांत टाकून पाहा. एकदा लिहून क्वचितच पुन्हा उघडल्या जाणाऱ्या नोंदी, एका जागी बसून वाचायच्या आणि खुणा करायच्या पीडीएफ, विचार करताना खरडलेली पानं, हे तिन्ही ढीग टॅबलेटवर उत्तम चालतात. चार-पाच पानं एकाच वेळी समोर ठेवून ताडून बघायचं काम आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा कागद, हे दोन ढीग जात नाहीत. स्प्लिट स्क्रीन असतो, पण १०.३ इंची पडद्याचे दोन भाग केले की प्रत्येक भाग जेमतेम १५७ × १०५ मिमी उरतो. त्यात मूळ मजकूर आणि टिपणं शेजारी ठेवून काम करणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. शेवटचे दोन ढीग तुमच्या कामात अर्ध्याहून जास्त असतील तर थांबलेलं बरं.

एक गोंधळ सुरुवातीलाच दूर करतो. पातळ काळ्या पाटीवर हिरव्या किंवा रंगीत रेघा उमटतात आणि बटण दाबलं की सगळं एकदम पुसलं जातं, तो एलसीडी रायटिंग पॅड. त्यात द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो आणि दाबाने त्याची मांडणी बदलून रेघ दिसते. बहुतेक पॅडमध्ये पान साठवण्याची सोयच नसते. फोन नंबर टिपायला आणि मुलांना गिरवायला ते छान आहेत, पण वहीला पर्याय नाहीत. इथून पुढे जे लिहिलं आहे ते ई-इंकबद्दल आहे.

पडदा कसा चालतो, एवढं माहीत असलेलं बरं

ई-इंकच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक तेल आणि त्यात तरंगणारे पांढरे व काळे कण. दोन्ही रंगांच्या कणांवर विरुद्ध विद्युतभार असतो. पडद्यामागून विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे खाली जातात. दाब काढून घेतला तरी कण तिथेच राहतात, म्हणून नुसतं पान समोर ठेवायला पडद्याला वीज लागत नाही. लागते ती पान बदलताना.

या पडद्याच्या बहुतेक तक्रारी याच रचनेतून येतात. कणांना तेलातून खरोखर प्रवास करायचा असतो, त्यामुळे पान बदलायला वेळ लागतो. थंडीत तेल दाट होतं आणि पडदा आणखी मंदावतो. उपकरण बिघडलेलं नसतं, खोलीच्या तापमानाला आलं की पूर्ववत होतं. काही कण पूर्ण जागा बदलत नाहीत आणि मागच्या पानाची फिकी सावली राहते. त्याला घोस्टिंग म्हणतात. पडदा अधूनमधून काळा-पांढरा चमकतो तो ही सावली घालवण्यासाठी. लिहिताना मात्र उपकरण फक्त काळ्या-पांढऱ्याची घाईची पद्धत वापरतं, म्हणजे रेघ पेनामागे लगेच उमटते पण खोडल्यावर ठसा जरा राहतो. खोडून झालं की हाताने एकदा पूर्ण रिफ्रेश करा. बऱ्याच उपकरणांत त्यासाठी एखादी बोटाची खूण किंवा बटण असतं. दर पानाला रिफ्रेश लावून ठेवू नका: चमक त्रास देते आणि बॅटरीही जास्त जाते. वाचताना दर पाच-सहा पानांनी एकदा पुरे.

पेन टेकल्यापासून रेघ दिसेपर्यंतचा उशीर मिलिसेकंदांत सांगतात. २०२० मध्ये आलेल्या रीमार्केबल २ या टॅबलेटचा आकडा २१, त्याच कंपनीच्या २०२४ च्या पेपर प्रोचा १२. या पट्टीत आल्यावर फरक लिहिण्यापेक्षा जाहिरातीतच जास्त जाणवतो. मोठा फरक पडतो तो अ‍ॅपमुळे. अँड्रॉइडवर चालणाऱ्या उपकरणांत, म्हणजे बूक्ससारख्या, कंपनीच्या स्वतःच्या नोंदवहीत रेघ झटकन उमटते. तेच बाहेरून टाकलेल्या एखाद्या नोट्सच्या अ‍ॅपमध्ये पेन पुढे आणि शाई मागे राहू शकते, कारण ते अ‍ॅप घाईची पद्धत वापरेलच असं नाही. ‘माझं नेहमीचं अ‍ॅप यावर चालेल’ एवढ्याच कारणासाठी घेणार असाल तर आधी त्याच अ‍ॅपमध्ये दहा ओळी लिहून बघा.

आकार: इथेच बहुतेकांची निवड चुकते

पडद्याचा कर्ण इंचात सांगतात, कागद आपल्याला मिलिमीटरमध्ये कळतो. म्हणून रूपांतर करून ठेवा. १०.३ इंची पडदा १५७ × २०९ मिमी भरतो. ए५ कागद १४८ × २१० मिमी असतो, म्हणजे हा टॅबलेट ए५ वहीपेक्षा किंचित रुंद. ७.८ इंची पडदा ११९ × १५८ मिमी. ए५ आणि ए६ च्या मधला, खिशातल्या डायरीहून जरा मोठा. १३.३ इंची पडदा २०३ × २७० मिमी. ए४ (२१० × २९७) पेक्षा थोडा आखूड.

नुसतं लिहायचं असेल तर १०.३ पुरतो आणि ७.८ सुद्धा पुरतो. अडचण ए४ पीडीएफची. पूर्ण ए४ पान १०.३ इंची पडद्यावर बसवलं तर ते उंचीच्या हिशोबाने ७० टक्क्यांवर येतं. १० पॉइंटचा मजकूर ७ पॉइंटचा दिसतो, म्हणजे तळटीपा जवळजवळ गेल्याच. पण छापील पानाला चारही बाजूंनी २५ मिमी समास असेल तर प्रत्यक्ष मजकूर १६० × २४७ मिमीचाच असतो. समास कापून टाका आणि आकडे पुन्हा बघा: अख्खं पान बसवलं तर ८५ टक्के, आणि फक्त रुंदी बसवली तर ९८ टक्के. म्हणजे अक्षर जवळपास मूळ आकाराचं. किंमत एवढीच की पानाचा खालचा साधारण ३३-३४ मिमीचा भाग पडद्याबाहेर राहतो आणि तो खाली सरकवून वाचावा लागतो. या एका क्रॉपमुळे १३.३ इंची उपकरणाची गरज किती तरी जणांना उरत नाही.

१३.३ इंच कोणाला लागतो? नकाशे, रेखाचित्रं, स्वरलिपी, दोन स्तंभांचे शोधनिबंध किंवा मोठी कोष्टकं रोज बघणाऱ्याला. ७.८ इंच कोणाला? जो उभ्याउभ्या, हातात धरून लिहितो आणि पीडीएफ क्वचित उघडतो. बाकी सगळ्यांनी मधला घ्यावा.

घनतेचे (इंचाला किती पिक्सेल, म्हणजे पीपीआय) आकडे, म्हणजे रीमार्केबल २ चे २२६ पीपीआय आणि किंडल स्क्राइबचे ३००, वाचताना कळतात. बारीक जोडाक्षरं ३०० वर स्वच्छ दिसतात. स्वतःचं हस्ताक्षर मात्र दोन्हीवर तितकंच चांगलं किंवा वाईट दिसतं.

पेन आणि निब

पेनांचे दोन पंथ आहेत. पहिला ईएमआर, वॅकॉमचं तंत्र. पडद्याच्या मागे तारांच्या वेटोळ्यांचा एक थर असतो, तो चुंबकीय लहरी सोडतो. पेनातली छोटी कॉइल त्या लहरींवरच चालते आणि उलट संकेत देते. त्यामुळे पेनाला बॅटरी नाही, चार्जिंग नाही. रीमार्केबल २, किंडल स्क्राइब, सुपरनोट आणि बूक्सची अनेक मॉडेल्स या पंथातली. मोठा फायदा असा की एकाचं पेन बहुधा दुसऱ्यावर चालतं. लॅमी आणि स्टेडलर यांचीही ईएमआर पेनं मिळतात. फक्त दाबाचा अंदाज आणि टोकाची अचूकता थोडी बदलते. दुसरा पंथ बॅटरी असलेल्या पेनांचा: कोबो एलिप्साची पेनं, रीमार्केबल पेपर प्रोचं पेन. ती ईएमआरच्या उपकरणांवर चालत नाहीत. असं पेन हरवलं तर घरात पडलेलं दुसरं पेन बहुधा कामी येत नाही, म्हणून सुटं पेन कुठे आणि किती दिवसांत मिळतं हे आधीच पाहून ठेवावं.

ईएमआरला चुंबकाचं वावडं आहे. पानाच्या एकाच भागात रेघ वाकडी पडते किंवा टोकापासून दोन-तीन मिलिमीटर लांब उमटते, तेव्हा पहिला संशय चुंबकावर घ्या: मागे दुमडलेल्या कव्हरचा चुंबक, टॅबलेटखाली राहिलेला फोन, किंवा बंद लॅपटॉपवर टॅबलेट ठेवून लिहिणं. तपासणी सोपी आहे. पट्टी ठेवून पडद्यावर तिरप्या रेघा सावकाश ओढा, एकमेकींपासून सेंटीमीटरभर अंतरावर. मग कव्हर काढून, लाकडी टेबलावर ठेवून पुन्हा ओढा. दुसऱ्या वेळी रेघा सरळ आल्या तर दोष कव्हराचा किंवा जागेचा. दोन्ही वेळी त्याच जागी वाकड्या आल्या तर दोष पॅनेलचा आहे आणि वॉरंटीत बदलून मागावं. अगदी सावकाश ओढलेल्या तिरप्या रेघेत बारीक लाट सगळीकडे सारखीच दिसत असेल तर तो या तंत्राचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. चार्जर लावलेला असताना रेघ थरथरत असेल तर आधी चार्जर काढून बघा.

निब, म्हणजे पेनाचं बदलता येणारं टोक, हा वापरून संपणारा भाग आहे. मॅट पडद्याच्या खरखरीतपणावर मऊ निब घासली जाते. रोज बरंच लिहिणाऱ्याची काही आठवड्यांत झिजते. एका कोनात लिहिणाऱ्याची निब एका बाजूने तासली जाऊन तिला धार येते, आणि हीच धार पडद्याचा थर ओरखडते. म्हणून निब ‘अजून चालतेय’ म्हणून ताणू नका. आठवड्यातून एकदा उजेडासमोर धरून बघा: टोक गोल न राहता छिन्नीसारखं सपाट दिसलं की बदला. मधल्या काळात लिहिताना पेन बोटांत थोडं फिरवत राहिलं तर झीज सगळीकडून सारखी होते. बदलताना सोबतच्या चिमट्याने सरळ रेषेत ओढा, वाकवू नका. वाकवली की आतच तुटते. नवी निब बसेपर्यंत ढकलायची, पण जोर करायचा नाही. पेन पडद्याला न टेकताच रेघा उमटवायला लागलं तर बहुतेक वेळा निब नीट बसलेली नसते किंवा आत कचरा गेलेला असतो. काढून पुन्हा बसवली की प्रश्न सुटतो.

टायटॅनियमच्या निबा ‘कायमच्या’ म्हणून विकल्या जातात. निब झिजत नाही म्हणजे झिजायचं काम पडद्याकडे जातं. सुपरनोटच्या पेनात सिरॅमिकची कठीण निब असते हे खरं, पण तिथे पडद्यावर मऊ फिल्म मुद्दाम लावलेली असते आणि तीत उमटलेला बारीक दाब आपोआप भरून येतो. ती जोडी फोडून कठीण निब दुसऱ्या पडद्यावर वापरू नये.

पडदा पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड पुरेसं. लिहायला बसण्याआधी एकदा पुसाच, कारण निबेखाली आलेला वाळूचा एक कण खोल ओरखड्याला पुरतो. स्पिरिट किंवा काच पुसायचे द्राव मॅट थरावर वापरू नका.

देवनागरी लिहिणाऱ्यांसाठी

या उपकरणांच्या परीक्षणांत इंग्रजी लिहून दाखवतात, म्हणून आपल्या अडचणी त्यांत दिसतच नाहीत. पहिली: अनुस्वार गायब होतात. हलका, क्षणभराचा स्पर्श पेनाच्या किमान दाबाच्या खाली राहतो आणि टिंब उमटतच नाही. उपाय दोन. दाबाप्रमाणे जाडी बदलणारं फाउंटन पेन सोडून एकसारख्या जाडीचं फाइनलायनर किंवा बॉलपेन निवडा. आणि टिंब टेकवण्याऐवजी मिलिमीटरभर ओढा. एवढी सवय दोन-चार दिवसांत लागते.

दुसरी अडचण शिरोरेघेची. बऱ्याच उपकरणांत रेघ ओढून पेन क्षणभर तिथेच धरलं की ती आपोआप सरळ केली जाते. लांब शब्दावर शिरोरेघ ओढून विचारात थांबलात की ती अचानक उडी मारून दुसऱ्या कोनात बसते. काही उपकरणांत खरडल्यासारखी नागमोडी रेघ मारली की खालचा मजकूर खोडला जातो. आकृतीत छायांकन करताना हे फार महागात पडतं. दोन्ही सोयी सेटिंगमध्ये बंद करता येतात का बघा आणि पहिल्याच दिवशी बंद करा.

तिसरी गोष्ट ओळींमधलं अंतर. वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार असल्यामुळे आपल्याला ७ मिमीची ओळ दाटीची होते. ८ ते ९ मिमी हवी. आयत्या टेम्प्लेटमध्ये (पानाच्या तयार आखणीत) ती बहुधा नसते, स्वतः बनवा. २२६ पीपीआयच्या १०.३ इंची पडद्यासाठी १४०४ × १८७२ पिक्सेलची प्रतिमा घ्या. २२६ पीपीआयला ८ मिमी म्हणजे ७१ पिक्सेल आणि ९ मिमी म्हणजे ८०. तेवढ्या अंतरावर दोन पिक्सेल जाडीच्या रेघा मारा. रंग मध्यम राखाडी ठेवा. या पडद्याला राखाडीच्या फक्त १६ छटा येतात, त्यामुळे अगदी फिकी रेघ नाहीशी होते किंवा ठिपक्याठिपक्यांची दिसते. डावीकडे २० मिमी मोकळा समास सोडलात तर तारीख आणि खुणा तिथे घालता येतात.

हस्ताक्षराचं टाइपात रूपांतर करण्याच्या सोयीवर खरेदीचा निर्णय बेतू नका. आपल्या लिपीसाठी ती आहे का, भाषा निवडीच्या यादीत मराठी दिसते का, हे आधी तपासा. आणि दिसली तरी स्वतःच्या नेहमीच्या घाईच्या अक्षरात दहा ओळी लिहून पडताळा. मधूनच इंग्रजी शब्द, बाण, कंस, आकडेमोड आली की रूपांतर विस्कटतं. रूपांतराशिवायही शोध लागेल अशी मांडणी करणं जास्त भरवशाचं.

वह्यांची मांडणी

कागदी वहीत ‘ते डावीकडच्या पानावर, खाली, कॉफीच्या डागाजवळ होतं’ असं आठवतं. टॅबलेटवर ही जागेची आठवण जाते, सगळी पानं एकाच जाडीची आणि एकाच रंगाची. कागद सोडून पुन्हा कागदाकडे वळणारे बहुतेक जण पडद्याला कंटाळून वळत नाहीत, सापडत नाही म्हणून वळतात. त्यामुळे खरी मेहनत इथे घ्यायची.

एक कच्ची वही ठेवा, टॅबलेट उघडला की तीच उघडावी. काहीही लिहायचं तर आधी तिच्यात, कोणत्या फोल्डरमध्ये जाईल याचा विचार न करता. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं देऊन तिची पानं योग्य वहीत हलवा, निकामी झालेली खोडून टाका. हे हलवणं टाळलं की दोन महिन्यांत कच्ची वही दोनशे पानांची होते आणि मग ती कोणी उघडत नाही.

बाकी वह्या कामानुसार, विषयानुसार नव्हे. ‘सभा’ नावाची वही कायम वाढत राहते. एका प्रकल्पाची वही प्रकल्पाबरोबर संपते. एका वहीत शंभरच्या वर पानं जाऊ देऊ नका. वही फुगली की उघडायला, लघुपानं दाखवायला आणि सिंक व्हायला (इंटरनेटवरच्या प्रतीशी जुळायला) वेळ लागतो, आणि एखादी फाइल बिघडली तर नुकसानही तेवढंच मोठं. फाइलीचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करा, उदाहरणार्थ २०२५-०३-१४ आणि पुढे दोन शब्द. नावानुसार लावलं की आपोआप कालक्रम लागतो.

पहिलं पान अनुक्रमणिकेसाठी कोरं सोडा. सुपरनोटमध्ये लिहिलेल्या शब्दांवर चौकट ओढून त्यांचं शीर्षक करता येतं आणि शीर्षकांची यादी आपोआप तयार होते. रीमार्केबलमध्ये पानांना टॅग लावता येतात. असं काही नसेल तर पान क्रमांक आणि विषय हाताने लिहा. जुनी पद्धत आहे, चालते. टॅग मात्र आठ-दहाच ठेवा. चाळीस टॅग केलेत की कोणता लावायचा या विचारातच पान तसंच राहतं.

आयत्या दुव्यांच्या मोठ्या पीडीएफ डायऱ्या, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान असलेल्या, दिसायला मोहक असतात. पाचशेच्या वर पानं आणि हजारो दुवे असल्यामुळे त्या उपकरण जड करतात, आणि मधेच टेम्प्लेट बदलावंसं वाटलं तर लिहिलेलं सगळं जुन्या फाइलीत अडकतं. एका महिन्याची छोटी फाइल बरी.

पीडीएफवर खुणा करताना

स्कॅन केलेली पीडीएफ संथ चालते, कारण ती चित्रांची मालिका असते. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलेलं ए४ पान २४८० × ३५०८ पिक्सेलचं. पडदा दाखवणार १४०४ × १८७२. संगणकावर आधी ती राखाडीत आणि २०० डीपीआयवर आणा, पिवळट पार्श्वभूमी पांढरी करा, कॉन्ट्रास्ट वाढवा. पार्श्वभूमी तशीच ठेवली तर ती पडद्यावर करडी आणि ठिपकेदार दिसते व अक्षर तिच्यात बुडतं. समासही संगणकावरच कापलेले बरे, दर वेळी उपकरणावर चिमटीने मोठं करत बसावं लागत नाही.

खुणा कुठे साठवल्या जातात हे माहीत असणं महत्त्वाचं. काही उपकरणं शाई मूळ पीडीएफमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलीत ठेवतात, सुपरनोटमध्ये पीडीएफशेजारी ‘.mark’ प्रकारची फाइल बनते. संगणकावरून फक्त पीडीएफचं नाव बदललं किंवा ती हलवली की दोघींची ताटातूट होते आणि खुणा ‘गेल्या’ असं वाटतं. नावं बदलायची ती उपकरणावरूनच. तसंच, एखाद्या मसुद्याची सुधारित आवृत्ती त्याच नावाने जुन्यावर टाकू नका: मजकूर सरकतो, खुणा जुन्या जागी राहतात आणि चुकीच्या वाक्याखाली रेघ दिसते. आवृत्तीचा क्रमांक नावात घाला.

दुसऱ्याला पाठवताना नेहमी एक्सपोर्ट केलेली प्रत पाठवा आणि पाठवण्याआधी ती दुसऱ्या उपकरणावर एकदा उघडून बघा. समास कापलेल्या पानावरच्या खुणा पूर्ण पानावर बरोबर जागी पडल्या आहेत ना, हे तिथे कळतं.

रंग आणि प्रकाश

रंगीत ई-इंकचे दोन प्रकार आहेत. कॅलिडो ३ मध्ये काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगांची जाळी असते. काळं-पांढरं ३०० पीपीआय, रंग १५०. जाळीमुळे कागद करडा दिसतो आणि फ्रंटलाइट (पडद्याचा स्वतःचा दिवा) जवळजवळ कायम लागतो. पेपर प्रोमधल्या प्रकारात जाळी नाही, कणच रंगीत असतात. पांढरा अधिक स्वच्छ, पण रंग बसताना पडदा जास्त वेळ चमकतो. रंगीत आलेख आणि नकाशे रोजचे नसतील तर काळा-पांढरा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रीमार्केबल २ सारख्या काही काळ्या-पांढऱ्या उपकरणांवर लाल-निळी शाई निवडता येते. पडद्यावर ती राखाडी दिसते, एक्सपोर्टमध्ये रंगीत येते. फ्रंटलाइटचा थर आला की पेनाचं टोक आणि शाई यांमधलं अंतर थोडं वाढू शकतं. रात्री लिहायचं असेल तर ही तडजोड मान्य करावी. ज्यांचं काम दिव्याखालीच होतं त्यांना प्रकाश नसलेला पडदा लिहायला जास्त गोड वाटतो.

बॅकअप, बॅटरी आणि पडदा फुटणं

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. उपकरणावर चुकून खोडलेलं पान सिंकमध्येही खोडलं जातं. महिन्यातून एकदा सगळ्या वह्या पीडीएफ करून संगणकावर आणि आणखी एका जागी ठेवा. कंपनीच्या स्वतःच्या फाइल-प्रकारातली प्रतही सोबत असू द्या, कारण पीडीएफ पुन्हा वहीसारखी संपादित करता येत नाही. आणि पीडीएफ कधीही उघडते, कंपनीची फाइल कंपनी असेपर्यंत. गोपनीय नोंदींसाठी सिंक बंद ठेवून यूएसबीने प्रती काढा. लॉकचा अंक पहिल्याच दिवशी लावा: वही हरवली तर एक वही हरवते, टॅबलेट हरवला तर सगळ्या.

‘आठवडेच्या आठवडे बॅटरी’ हा दावा वाचनाचा. लिहिताना पडदा आणि पेनाचा संवेदक सतत चालू असतात. त्यात वायफाय आणि फ्रंटलाइट मिळवलात तर काही दिवसांचाच हिशोब धरा. वायफाय फक्त सिंकपुरतं चालू केलं की सर्वात जास्त फरक पडतो. बॅटरी बदलता येण्याजोगी उपकरणं कमी आहेत. सुपरनोटच्या नोमॅड आणि मँटामध्ये ती सोय दिलेली आहे.

बहुतेक पडद्यांच्या मागे पातळ काच असते. पिशवीत पुस्तकांच्या मध्ये दाबला जाऊन किंवा चार्जरच्या प्लगचा टोक लागून ती आतून तडकते: वरचा पृष्ठभाग धड दिसतो, पण पडद्यावर न हलणाऱ्या रेषा किंवा कोरा पट्टा उमटतो. हे दुरुस्त होत नाही, पॅनेलच बदलावं लागतं आणि ते अनेकदा परवडत नाही. मऊ कव्हर ओरखडे थांबवतं, दाब थांबवत नाही. पिशवीत न्यायचा असेल तर कडक पुठ्ठ्याचं कव्हर, पडदा पाठीच्या बाजूला, आणि त्या कप्प्यात दुसरं काही नाही.

परत करायची मुदत संपण्याआधी

विकत घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात हे करून बघा. पट्टीने तिरप्या रेघांची चाचणी, चारही कोपऱ्यांत, कव्हरासह आणि कव्हराशिवाय. एकच परिच्छेद सलग तीन पानं नेहमीच्या वेगाने लिहून अनुस्वार मोजा. तळवा पडद्यावर पूर्ण टेकवून लिहा, आणि डावखुरे असाल तर सेटिंग बदलून पुन्हा. तळव्याच्या स्पर्शाने पान उलटत असेल तर लिहिताना बोटाचा स्पर्श बंद करण्याची सोय शोधा. तुमची सर्वात जड पीडीएफ उघडून वीस पानं भराभर उलटा. तिच्यावर खुणा करून एक्सपोर्ट करा आणि ती फाइल फोनवर बघा. मग त्याच आठवड्यातली एक जुनी नोंद शोधायला घ्या, घड्याळ लावून. अर्ध्या मिनिटात सापडली नाही तर आधी वह्यांची मांडणी बदलून बघा. बाकीच्या चाचण्यांपैकी एखादी फसली आणि सेटिंगने सुटत नसेल, तर उपकरण खोक्यासकट मुदतीत परत करा. खोकं तोपर्यंत फेकू नका. पडद्यावर वाहतुकीपुरती लावलेली फिल्म, चिमटा आणि सुट्या निबाही त्यातच ठेवा.